घसरतं ते टिकतंच असं नाही

जॉन चार्नली या इंग्रज सर्जनने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दोन प्लास्टिकचे बारीक कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. एक टेफ्लॉनचे, दुसरे पॉलिएथिलीनचे. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागतील अशा गाठी झाल्या होत्या. पॉलिएथिलीनच्या जागी काहीच जाणवत नव्हतं. १९६३ साली त्याने ही नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. चार्नली खुब्याचा कृत्रिम सांधा घडवत होता, जबड्याशी त्याचा संबंध नव्हता. तरीही जबड्याच्या सांध्याबद्दलचं हे प्रकरण त्याच्या मांडीपासूनच सुरू करायला हवं. पुढे अमेरिकेत हजारो रुग्णांच्या जबड्यात जे घडलं, त्याची सूचना या गाठींनी वीस वर्षं आधीच देऊन ठेवली होती.

आधी सांधा समजून घेऊ. कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट टेकवा आणि तोंड हळूहळू पूर्ण उघडा. बोटाखाली एक गोळा आधी जागच्या जागी फिरतो आणि मग पुढे सरकून निघून जातो. तो गोळा म्हणजे खालच्या जबड्याच्या हाडाचं डोकं. ते कानशिलाच्या हाडातल्या एका उथळ खोबणीत बसतं. दोघांच्या मध्ये चिवट कूर्चेची एक चकती असते. गुडघा मुख्यतः दुमडतो, खुबा जागच्या जागी फिरतो. जबड्याचा सांधा मात्र आधी फिरतो आणि मग आपली खोबण सोडून पुढच्या उंचवट्यावर घसरत जातो. निरोगी प्रौढाचं तोंड पुढच्या दातांमध्ये साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं. त्यातले पहिले वीस-पंचवीस मिलिमीटर फिरण्याचे, उरलेले घसरण्याचे. शिवाय डावा आणि उजवा सांधा एकाच हाडाला जोडलेले असल्यामुळे एकाची चाल बिघडली की दुसऱ्यालाही ती सोसावी लागते. शरीरात इतके एकमेकांत अडकलेले सांधे फारसे नाहीत.

या सांध्यावर भार किती येतो? बराच काळ तज्ज्ञांमध्येही असा समज होता की जबड्याच्या सांध्यावर भार येतच नाही, सगळा भार दात घेतात. साधं यंत्रशास्त्र वेगळं सांगतं. चुलीतला निखारा उचलायचा चिमटा आठवा. जोड एका टोकाला, पकडायची वस्तू दुसऱ्या टोकाला आणि आपली बोटं मधे कुठेतरी दाबत असतात. जबड्याची रचना हीच आहे. सांधा हा जोड, दात हे टोक आणि गालाचे व कानशिलाचे स्नायू मधे. समजा स्नायूंचा जोर सांध्यापासून ३ सेंटिमीटरवर लागतो आणि पुढचे दात ९ सेंटिमीटरवर आहेत. पुढच्या दातांनी १० किलोच्या जोराने उसाचं कांडं तोडायचं, तर स्नायूंना ३० किलोचा जोर लावावा लागेल आणि उरलेले २० किलो दोन्ही सांध्यांवर येऊन पडतील. तेच कांडं ५ सेंटिमीटरवरच्या दाढेखाली धरलं, तर सांध्यांवर सातेक किलोच येतात. आकडे ढोबळ आहेत, पण मुद्दा पक्का आहे. सांध्याच्या शस्त्रक्रियेनंतर ‘पुढच्या दातांनी काही तोडू नका’ असं डॉक्टर सांगतात, त्यामागे हेच गणित आहे.

निरोगी तरुण माणूस दाढांखाली ५० ते ७० किलोच्या घरात जोर लावू शकतो. एका बाजूने चावताना विरुद्ध बाजूच्या सांध्यावर जास्त भार येतो, ही आणखी एक न पटणारी पण खरी गोष्ट. म्हणून एकाच बाजूचा सांधा बदलला, तर डॉक्टर दुसऱ्या, स्वतःच्या सांध्यावरही लक्ष ठेवतात.

पण माझ्या मते या सांध्याची खरी कसोटी भाराची नाही, संख्येची आहे. बोलणं, गिळणं, चावणं, जांभई असं सगळं धरून जबडा दिवसाला पंधराशे ते दोन हजार वेळा हलतो, असा अंदाज दिला जातो. म्हणजे वर्षाला साडेपाच ते सव्वासात लाख वेळा आणि वीस वर्षांत एक कोटीहून अधिक. शरीरातली जिवंत चकती आणि हाड रोज थोडी झिजतात, थोडी भरून येतात. कृत्रिम वस्तू फक्त झिजते. त्यामुळे ‘हा सांधा किती किलो पेलतो’ या प्रश्नापेक्षा ‘एक कोटी वेळा हलल्यावर तो कसा दिसतो, आणि जे झिजून गेलं ते कुठे गेलं’ हा प्रश्न मोठा आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चार्नलीला फार महागात मिळालं. लँकेशायरमधल्या रायटिंग्टन हॉस्पिटलमध्ये १९५८च्या सुमारास त्याने खुब्यासाठी टेफ्लॉनची वाटी वापरायला सुरुवात केली. त्याचा तर्क सरळ होता. निरोगी सांधा अतिशय कमी घर्षणाने हलतो, मग ज्ञात घन पदार्थांपैकी सर्वात कमी घर्षणाचा पदार्थ घ्यावा. टेफ्लॉन हा तसाच पदार्थ. १९३८ साली ड्यूपाँट कंपनीतल्या रॉय प्लंकेटला तो अपघाताने सापडला होता, शरीरातल्या कुठल्याही रसायनाला तो दाद देत नव्हता, आणि त्यावर काही चिकटत नव्हतं. पहिले रुग्ण खुश होते. वर्षानुवर्षं कुबडीवर चालणारी माणसं न दुखता चालू लागली. सुमारे ३०० जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. मग दोन-तीन वर्षांत क्ष-किरणचित्रांत धातूचं डोकं वाटीत खोल रुतत चाललेलं दिसू लागलं. सांधे पुन्हा उघडले तेव्हा आत टेफ्लॉनच्या चुऱ्याने भरलेला, चीजसारखा पांढरट लगदा होता आणि आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं होतं.

घर्षण कमी असलं की झीजही कमी असणार, असं आपल्याला आपोआप वाटतं. चार्नलीलाही वाटलं. पण या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. घर्षण म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकताना होणारा विरोध. झीज म्हणजे सरकताना पृष्ठभागाचा किती भाग सुटून येतो ते. टेफ्लॉनचे लांब रेणू एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून घर्षण कमी. पण सहज घसरतात याचाच अर्थ ते एकमेकांना घट्ट धरून नसतात. भार आला की त्यांचे थर पापुद्र्यासारखे निघत जातात. तव्यावर टेफ्लॉनचा लेप चालतो, कारण तव्यावर कोणी लाखो वेळा वीस किलो वजन घासत नाही.

या फजितीतून वाट काढली हॅरी क्रेव्हन या चार्नलीच्या तंत्रज्ञाने. १९६२ साली एक विक्रेता यंत्रमागाच्या दातेरी चाकांसाठी वापरलं जाणारं अतिउच्च रेणूभाराचं पॉलिएथिलीन दाखवायला आला. चार्नलीने नखाने टोचून पाहिलं आणि नापसंत केलं. तो परगावी गेला असताना क्रेव्हनने ते झिजवण्याच्या यंत्राला लावलं. तीन आठवडे यंत्र चाललं आणि टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजे, तेवढंही ते झिजलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिला पॉलिएथिलीनचा खुबा बसवला गेला. जगभरचे कृत्रिम खुबे आणि गुडघे आजही त्याच प्लास्टिकच्या सुधारित वाणांवर चालतात. एका तंत्रज्ञाने साहेबाच्या मताआधी यंत्राचं मत विचारलं, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वात मोलाची वाटते.

आता जबड्याकडे. १९७० आणि ८०च्या दशकात जबड्याच्या दुखण्यावर शस्त्रक्रियांचं प्रमाण अमेरिकेत वाढलं. चकती सरकली की तोंड उघडताना कट्‌ असा आवाज येतो, कधी जबडा अडकतो, कधी कान-डोकं दुखतं. यातले बहुसंख्य रुग्ण विश्रांती, शेक, व्यायाम, रात्री दात खाण्याची सवय आटोक्यात आणणं आणि वेदनाशामक औषधं यांवर सुधारतात. आज हे सर्वमान्य आहे. तेव्हा मात्र फाटलेली चकती काढून तिथे काहीतरी बसवावं असं अनेक सर्जनना वाटे, आणि नुसती चकती काढली तर हाडावर हाड घासेल अशी भीती असे.

ह्यूस्टनमधल्या व्हायटेक या कंपनीने या जागेसाठी एक तयार उत्तर आणलं. कंपनीचा संस्थापक चार्ल्स होम्सी याने टेफ्लॉनमध्ये कार्बन मिसळून, पुढे कार्बनऐवजी ॲल्युमिनियम ऑक्साइड मिसळून, स्पंजासारखा सच्छिद्र पदार्थ बनवला होता. त्याचं नाव प्रोप्लास्ट. छिद्रांमध्ये शरीराच्या पेशी वाढतील आणि तुकडा जागेवर पक्का बसेल, ही त्यामागची कल्पना. हनुवटीला किंवा गालाला उठाव द्यायला, म्हणजे जिथे भार नाही अशा जागी, तो वापरलाही जात होता. जबड्यासाठी प्रोप्लास्टच्या एका बाजूला गुळगुळीत टेफ्लॉनचा थर जोडला. सच्छिद्र बाजू कानशिलाच्या हाडाकडे, गुळगुळीत बाजू जबड्याच्या डोक्याकडे. सर्जनने कात्रीने हव्या मापाचा तुकडा कापायचा आणि खोबणीत बसवायचा. १९८३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच्या विक्रीला हिरवा कंदील दिला.

हा कंदील कसा मिळाला, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांवर खऱ्या अर्थाने नियंत्रण आणणारा कायदा १९७६चा. त्यात एक सोपी वाट होती. नवी वस्तू १९७६पूर्वी बाजारात असलेल्या एखाद्या वस्तूसारखीच आहे असं दाखवलं, की माणसांवरच्या चाचण्यांचा नवा पुरावा मागितला जात नसे. जबड्यात त्याआधी सिलिकोनचे पत्रे वापरले जात होते. नवा पत्रा जुन्या पत्र्यासारखा ठरला. आकाराने आणि कामाने तो तसा होताही. पण दोन पत्र्यांचा पदार्थ निराळा होता, आणि त्या पदार्थाचं भाराखाली काय होतं हे वीस वर्षांपूर्वी छापून आलेलं होतं. खुब्याचे सर्जन एक नियतकालिक वाचत, जबड्याचे दुसरं. टेफ्लॉन बनवणाऱ्या ड्यूपाँटनेही आपला माल औद्योगिक वापरासाठी आहे, शरीरात ठेवण्यासाठी तो तपासलेला नाही, असं होम्सीला कळवलेलं होतं.

पुढे जे झालं ते चार्नलीच्या अनुभवाची पुनरावृत्ती होती, फक्त अधिक अरुंद आणि अधिक धोक्याच्या जागेत. सुरुवातीचे महिने, कधी एखाद-दोन वर्षं बरी जात. मग गुळगुळीत थर फाटे आणि खालचा सच्छिद्र थर जबड्याच्या डोक्याखाली चिरडला जाई. त्याचा चुरा होई. हा चुरा रसायन म्हणून निष्क्रिय असतो, पण शरीर त्याला निष्क्रिय मानत नाही. काही मायक्रॉन आकाराचा कण दिसला की भक्षक पेशी त्याला गिळतात. टेफ्लॉन पचत नाही. पेशी एकत्र येऊन महापेशी बनतात, तरीही पचत नाही, आणि मग त्या जे संदेश सोडतात त्यांनी हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. जबड्याचं डोकं झिजून आखूड होतं, खालचा जबडा मागे सरकतो, दाढा टेकतात पण पुढचे दात एकमेकांना भेटत नाहीत. वरच्या बाजूला खोबणीचं छत काही ठिकाणी कागदासारखं पातळ असतं आणि त्याच्या पलीकडे मेंदू. काही रुग्णांत हे छतही भेदलं गेलं. आणि सर्वात क्रूर भाग असा की हे हाड खाल्लं जात असताना अनेकांना काहीही दुखत नव्हतं.

कंपनीने १९८८ साली हा माल बाजारातून काढून घेतला. १९९० साली ती दिवाळखोरीत गेली. त्या डिसेंबरमध्ये प्रशासनाने सर्जनना धोक्याचा इशारा पाठवला, १९९१च्या सुरुवातीला माल परत मागवला, आणि त्रास नसलेल्या रुग्णांनाही बोलावून त्यांचे स्कॅन करायला सांगितलं. तोवर २५ हजारांहून अधिक तुकडे वितरित झाले होते. अनेक सर्जनकडे कोणाच्या जबड्यात काय बसवलं याची धड नोंद नव्हती. १९९२ साली अमेरिकी संसदेच्या उपसमितीसमोर सुनावणी झाली. १९८६ साली रुग्णांनीच उभी केलेली ‘टीएमजे असोसिएशन’ (टीएमजे हे जबड्याच्या सांध्याच्या इंग्रजी नावाचं लघुरूप) ही संघटना या लढ्यात आघाडीवर होती. एका तुकड्यापायी आठ-दहा शस्त्रक्रिया झालेल्या माणसांच्या कहाण्या त्या काळात पुढे आल्या. तुकडा काढला तरी चुरा निघत नाही, आणि नंतर बसवलेलं रोपणही त्या चुऱ्याच्या शेजारी राहतं.

एक दूरचा परिणामही सांगायला हवा. रुग्णांनी ड्यूपाँटवरही शेकडो दावे लावले. कंपनी बहुतेक जिंकली, पण खर्च इतका झाला की अनेक कच्चा माल पुरवठादारांनी रोपण बनवणाऱ्यांना माल देणंच थांबवायला सुरुवात केली. शेवटी १९९८ साली अमेरिकेला पुरवठादारांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. कानापुढच्या छोट्याशा पत्र्याने हृदयाच्या झडपांपासून टाक्यांच्या धाग्यापर्यंत सगळ्यांचा पुरवठा अडचणीत आणला होता.

मग आजचा कृत्रिम सांधा मजबूत कशामुळे आहे? त्याची रचना पाहिली की प्रत्येक भागामागे कुठलीतरी जुनी फजिती दिसते. पहिला बदल म्हणजे मधे पत्रा सरकवणं सोडून दिलं. खोबण आणि डोकं दोन्ही बदलायची. दुसरा, एकाच पदार्थाकडून सगळी कामं मागायची नाहीत. खोबणीच्या पृष्ठभागासाठी चार्नली-क्रेव्हनचं तेच अतिउच्च रेणूभाराचं पॉलिएथिलीन, साधारण किमान ४ मिलिमीटर जाडीचं, कारण पातळ प्लास्टिकमध्ये ताण एकवटतो. डोक्यासाठी कोबाल्ट, क्रोमियम आणि मॉलिब्डेनमचा मिश्रधातू, कारण तो कठीण असतो आणि आरशासारखी चकाकी धरतो. हाडाला टेकणाऱ्या भागासाठी टायटॅनियम, कारण हाड त्याला धरून वाढतं. हा गुण स्वीडनच्या ब्रॉनमार्कने १९५२ साली ओळखला आणि दातांची रोपणं त्यावरच उभी आहेत. पण टायटॅनियमचं डोकं करायचं नाही. घासलं गेलं की ते ओरखडे धरतं आणि भोवतालचं मांस काळं पडतं.

ताठरपणाचे आकडे इथे बोलके आहेत. जबड्याच्या हाडाच्या बाहेरच्या कठीण थराचा ताठरपणा १० ते २० गिगापास्कल. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा सुमारे ११०. कोबाल्ट-क्रोमियमचा दोनशेच्या वर. पॉलिएथिलीनचा जेमतेम एक. कृत्रिम डोकं धातूच्या एका पट्टीच्या वरच्या टोकाला असतं आणि ती पट्टी जबड्याच्या हाडाला स्क्रूंनी बसवतात. ताठर पट्टी आणि लवचीक हाड असे एकत्र बांधले की भार ताठर पट्टीतून जातो आणि हाडाला काम उरत नाही. बिनकामाचं हाड हळूहळू विरळ होतं, मग त्यातले स्क्रू सैल होतात. म्हणून ‘जास्त ताठर म्हणजे जास्त चांगलं’ हे इथे खरं नाही.

पट्टी तुटते कशी? एका झटक्यात जवळजवळ कधीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर प्रशियाच्या रेल्वेतला अभियंता ऑगस्ट व्होलर आगगाड्यांचे आस का तुटतात ते शोधत होता. कोणताही आस त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त भारामुळे तुटला नव्हता. क्षमतेच्या आतला भार, पण लाखो वेळा. त्याने दाखवलं की धातू थकतो. एखाद्या ओरखड्याशी, कोपऱ्याशी, भोकाच्या कडेशी सूक्ष्म तडा जातो, प्रत्येक फेरीत तो अंशाअंशाने वाढतो आणि एक दिवस उरलेला भाग झेपत नाही. जबड्याच्या पट्टीत ही जागा म्हणजे डोक्याखालची मान आणि सर्वात वरच्या स्क्रूचं भोक. भार डोक्यावर येतो, स्क्रू खाली असतात. त्यामुळे पट्टी वाकू पाहते आणि वरचे स्क्रू सर्वाधिक ओढले जातात. संगणकावर हाडाचे आणि पट्टीचे हजारो छोटे भाग पाडून ताणाचा नकाशा काढतात, तेव्हा लाल रंग याच जागी दिसतो. ऑपरेशनच्या टेबलावर पट्टी पकडीने वाकवून बसवणं घातक का, तेही यातून कळतं. टायटॅनियमवरचा पकडीचा एक खोल ओरखडा तिचं थकव्याविरुद्धचं आयुष्य कितीतरी कमी करतो.

मग भरपूर स्क्रू का मारत नाहीत? कारण जबड्याच्या हाडाच्या आतून खालच्या दातांची आणि खालच्या ओठाची नस जाते. वरच्या बाजूला स्क्रू ज्या हाडात मारायचे ते गालाच्या कमानीचं मूळ अरुंद आहे. सर्जनच्या वाटेत चेहऱ्याची नस आहे, जिला धक्का लागला तर भुवई उचलता येत नाही, डोळा नीट मिटत नाही. अभियंत्याला हवी असलेली जागा आणि शरीराने मोकळी ठेवलेली जागा क्वचितच एक असते. सुरुवातीचे आठवडे तर निर्णायक असतात. हाड आणि धातू यांच्यातली हालचाल सुमारे १५० मायक्रॉनच्या वर गेली, तर तिथे हाड न वाढता मऊ तंतू वाढतात आणि रोपण कायमचं डुगडुगत राहतं.

म्हणूनच मापाचा प्रश्न इतका महत्त्वाचा. तयार मापाच्या सांध्यात खोबणीचे दोन-तीन आणि पट्टीचे ४५, ५० आणि ५५ मिलिमीटर असे आकार असतात, आणि रुग्णाचं हाड घासून सांध्याला जुळवावं लागतं. दुसरी पद्धत उलटी. सीटी स्कॅनवरून रुग्णाच्या कवटीची प्रतिकृती बनवायची आणि सांधा तिच्यावर घडवायचा. कॅलिफोर्नियातल्या टेकमेडिका कंपनीने १९८९पासून असे सांधे दिले. त्याच रचनेला पुढे टीएमजे कन्सेप्ट्स या नावाने १९९९ साली अमेरिकेत पूर्ण तपासणीअंती परवानगी मिळाली. तयार मापाच्या बायोमेट सांध्याला २००५ साली मिळाली. आता जबड्याच्या रोपणांना जुन्या सोप्या वाटेने जाता येत नाही, पुरावा द्यावा लागतो.

पुरावा किती चांगला आहे? १९८९ ते १९९३ दरम्यान टेकमेडिकाचे सांधे बसवलेल्या १११ रुग्णांचा सुमारे वीस वर्षांनी शोध घेण्यात आला. ५६ जण सापडले. त्यांच्यात वेदना, चावणं, तोंड उघडणं या सगळ्यांत सुधारणा टिकून होती. निकाल उत्तम आहे, आणि जवळजवळ अर्धे रुग्ण सापडलेच नाहीत हेही त्याच वाक्यात सांगायला हवं. आधी जितक्या जास्त शस्त्रक्रिया झालेल्या, तितका फायदा कमी, असंही दिसलं. दुसरीकडे, २०११ साली अमेरिकेच्या प्रशासनाने जबड्याचे सांधे बनवणाऱ्या तिन्ही कंपन्यांना विक्रीनंतरचा अभ्यास करण्याचा आदेश दिला, कारण दुखण्यामुळे तीन वर्षांच्या आत सांधा काढावा लागल्याच्या तक्रारी बऱ्याच होत्या. यंत्र म्हणून सांधा शाबूत असतानाही माणूस दुखत राहू शकतो. जुनाट वेदना मेंदूत आणि नसांत घर करते, तिला नवा सांधा पुरत नाही. माझं मत स्पष्ट आहे. नुसतं दुखतंय म्हणून कृत्रिम सांधा बसवू नये. हाड जुळून गेलं असेल, संधिवाताने डोकं नष्ट झालं असेल, गाठीमुळे ते कापावं लागलं असेल, तेव्हा तो खरा उपयोगी.

हाड जुळून जाणं आपल्याकडे नवं नाही. लहान मूल हनुवटीवर पडतं, हनुवटीला टाके पडतात, आणि कानापुढे मोडलेल्या हाडाकडे कोणाचं लक्ष जात नाही. सांध्यात साचलेल्या रक्ताचं हळूहळू हाड होतं. काही वर्षांनी तोंड उघडेनासं होतं, हनुवटी वाढत नाही, मूल रात्री घोरतं आणि श्वास अडकून जागं होतं. कानातल्या जुन्या पूयाच्या संसर्गानेही असं होऊ शकतं. अशा वाढत्या मुलाला धातूचा सांधा सहसा देत नाहीत, कारण धातू वाढत नाही. जुळलेलं हाड कापून मोकळं करतात, कधी बरगडीचा कूर्चेसह तुकडा लावतात आणि महिनोन्‌महिने तोंड उघडण्याचा व्यायाम करून घेतात. गुटखा-सुपारीने तोंड उघडत नाही तो आजार निराळा, त्यात सांधा ठीक असतो आणि गालाची आतली त्वचा आवळते. मूल हनुवटीवर आपटलं असेल, तर पुढचे काही महिने त्याचं तोंड पूर्वीइतकं उघडतं का, ते घरीच पाहत राहा. त्याचीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जायला हवीत. जात नसतील तर जबड्याच्या सर्जनकडे न्या.

आणि घरात कोणाला जबड्याचा सांधा बसवायचा असेल, तर सर्जनला विचारा: कोणता पदार्थ, तयार मापाचा की स्कॅनवरून घडवलेला, तुम्ही असे किती बसवलेत, पैकी किती काढावे लागले. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. बसवल्यावर दुखत नसलं तरी ठरलेल्या मुदतीला तपासणी आणि क्ष-किरणचित्र चुकवू नका. भारतात २०१५पासून वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. काही बिघडलं तर डॉक्टरांमार्फत किंवा स्वतः तिथे कळवा. त्यासाठी रोपणाचा नेमका क्रमांक लागतो. तो शस्त्रक्रियेच्या दिवशी उघडलेल्या पाकिटावरच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. ती पट्टी मागून घ्या, तिचा फोटो काढा आणि डिस्चार्ज कार्डावर चिकटवून ठेवा.